चौकोन बोटांना कसा कळतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या निकालाच्या दिवसांत एखाद्या दृष्टिहीन मुलाला भूमितीत चांगले गुण मिळाल्याची बातमी येते आणि तिच्यात दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, 'अंधारावर मात'. दुसरे, 'देव एक काढून घेतो तसे दुसरे देतोही'. आम्ही दृष्टिहीन मुलांना भूमिती शिकवतो आणि या दोन्ही वाक्यांशी आमचे भांडण आहे, कारण त्यांचा परिणाम थेट वर्गात दिसतो. पहिले वाक्य डोक्यात असलेला शिक्षक म्हणतो, याला आकृती कशी कळणार, सोडून द्या तो भाग. दुसरे वाक्य डोक्यात असलेला म्हणतो, याचा हातच त्याचा डोळा, द्या हातात, आपोआप कळेल. शिकवत दोघेही नाहीत. पत्र लांबणार आहे. कात्री आपल्या हाती आहेच.

आधी बोटाविषयी. बोटाच्या टोकाला साधारण एक मिलिमीटर रुंदीच्या खाचा वेगवेगळ्या कळतात. ब्रेलचे माप याच हिशेबात बसते: एका अक्षरातल्या शेजारच्या दोन टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर आणि टिंबाची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. दृष्टिहीनांचे बोट डोळसांपेक्षा थोडे सरस ठरते हे खरे, पण त्यात देवाघरचे देणे काही नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात दृष्टिहीन आणि डोळस अशा दोघांच्या बोटांची आणि ओठांचीही चाचणी घेतली गेली. बोटांत दृष्टिहीन पुढे होते, ओठांत दोघे सारखेच. देणगीच असती तर ओठांनाही मिळाली असती. वाचन बोटाने होते, म्हणून बोट तयार होते. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी: लहान बोटाला बारीक खाच जास्त चांगली कळते. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीला जी रेघ सहज लागते ती तिच्या वडिलांच्या जाड बोटाला लागत नाही. वडिलांना लागली नाही म्हणून रेघ वाईट ठरत नाही.

पण आकार नुसत्या बोटाच्या टोकाने कळत नाही. तो कळतो हाताच्या हालचालीने. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झ्की या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हे नीट मांडून दाखवले. पोत कळायला आपण बोट घासतो, कठीण-मऊ कळायला दाबतो, गार-गरम कळायला हात नुसता टेकवून ठेवतो, वजनासाठी वस्तू उचलून तोलतो, ढोबळ आकारासाठी मुठीत घेतो आणि नेमक्या आकारासाठी कडेकडेने बोट फिरवतो. मंडईत वांगी निवडताना डोळस माणूसही हेच करतो, त्याला ते कळत नाही इतकेच. भूमितीला यातल्या शेवटच्या दोन हालचाली लागतात, मूठ आणि कड, आणि त्या याच क्रमाने लागतात. मुठीत आधी 'हे काहीतरी टोकदार, एका बाजूला चपटे' एवढे कळते. मग कड धरून फिरले की 'टोके तीन' हे कळते. मूठ वगळून मुलाला थेट कडेवर आणले की त्याचे बोट गल्लीबोळात शिरलेल्या परगावच्या माणसासारखे होते. रस्ता सापडत जातो, गाव कळत नाही.

डोळ्याला त्रिकोण एका झटक्यात मिळतो. बोटाला तो तुकड्यातुकड्याने, एकामागून एक मिळतो आणि मागचा तुकडा लक्षात ठेवून पुढचा त्याला जोडावा लागतो. सराव झालेले मूल काटकोन त्रिकोण कसा वाचते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दोन्ही तळवे आधी अख्ख्या कागदावरून हलके फिरतात. आकृती किती मोठी, कागदाच्या कुठल्या भागात, हे ठरते. मग डाव्या हाताची तर्जनी एका शिरोबिंदूवर जाऊन थांबते आणि तिथून हलत नाही. उजवे बोट तिथून निघते, रेघेवरून पुढच्या टोकाला जाते, वळण किती तीव्र आहे ते घोटाळून पाहते, पुढे जाते आणि शेवटी डाव्या बोटाला येऊन टेकते. त्या टेकण्यात 'आकृती बंद आहे' हे कळते. मग डावे बोट दुसऱ्या शिरोबिंदूवर जाते आणि फेरी पुन्हा होते. कोन तपासताना अंगठा एका बाजूवर आणि तर्जनी दुसऱ्या बाजूवर, दोन्ही एकदम शिरोबिंदूकडे सरकवली जातात. नवशिक्या मुलाचा डावा हात मात्र मांडीवर असतो. एका बोटाने फिरताना सुरुवात कुठून केली हेच हरवते आणि त्रिकोणाला चौथी बाजू फुटते. चूक बुद्धीची नसते, मांडीवरच्या हाताची असते.

बोटाच्या स्वतःच्याही खोडी आहेत, जशा डोळ्याच्या असतात. छातीकडून पुढे किंवा पुढून छातीकडे केलेली हालचाल आडव्या हालचालीपेक्षा लांब वाटते. त्यामुळे अचूक चौरससुद्धा मुलाला उभा आयत वाटू शकतो. उपाय सोपा: कागद काटकोनात फिरवायचा आणि पुन्हा वाचायचा, किंवा दोन्ही बाजूंना एकच काडी लावून पाहायची. दुसरी खोडी अशी, की रेघ वळणावळणाची असली तर तिच्या दोन टोकांमधले सरळ अंतरही खऱ्यापेक्षा जास्त वाटते. कंसाची लांबी आणि जीवेची लांबी यांची तुलना सांगताना हे नेहमी आडवे येते. इथे जीवेवर ताणलेला दोरा लागतोच, तोंडी समजावून भागत नाही.

आता मेंदू. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचे केंद्र आहे आणि जन्मांध माणसात ते रिकामे पडून राहते, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी छापला जातो. 1996 मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी लहानपणापासून दृष्टिहीन असलेल्यांचे मेंदू ब्रेल वाचताना तपासले, तेव्हा तो मागचा भाग कामात असल्याचे दिसले. नुसते 'दिसले' म्हणजे त्याचा उपयोग होता असे नाही, ही शंका रास्त होती. म्हणून पुढच्याच वर्षी डोक्याबाहेरून चुंबकीय झटके देऊन तो भाग क्षणभर गडबडवून पाहण्यात आला. दृष्टिहीनांचे ब्रेल चुकू लागले. काहींना असलेली टिंबे सापडेनात, तर काहींना नसलेली जाणवू लागली. डोळसांना तोच झटका दिला तर त्यांच्या स्पर्शाला काही झाले नाही. आणि 2000 मध्ये एका जन्मांध बाईंची हकिगत प्रसिद्ध झाली. रोजचे काम ब्रेलवर चालवणाऱ्या या बाईंना मेंदूच्या मागच्या दोन्ही बाजूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे ब्रेल गेले. टिंबे बोटाला जाणवत होती, पण वाचता येत नव्हती. ज्यांनी कधी डोळ्याने पाहिलेच नाही त्यांचे वाचन 'दृष्टीच्या' केंद्राला इजा झाल्याने गेले. मग ते केंद्र दृष्टीचे म्हणायचे कशाला?

हा बदल होतो कसा, याला शेतातला दाखला बरा पडतो. पाटाचे पाणी एका वाफ्याला जात नसेल, तर दारे मोडून ते दुसऱ्या वाफ्याकडे वळवतात. पाट नव्याने खणावा लागत नाही, आधीचाच असतो. बॉस्टनमध्ये डोळस माणसांचे डोळे पाच दिवस घट्ट बांधून ठेवले आणि त्यांना ब्रेलचे धडे दिले, तेव्हा पाचव्या दिवशी स्पर्शाला त्यांच्याही मेंदूचा मागचा भाग साद देऊ लागला होता. पट्टी सोडल्यावर एका दिवसात ते थांबले. पाच दिवसांत नवे मज्जातंतू एवढ्या लांब वाढत नाहीत; म्हणजे वाट आधीपासून होती, वर्दळ नव्हती. जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलात मात्र ती वर्दळ वर्षानुवर्षे चालते आणि वाट पक्की होते. म्हणूनच ब्रेल आणि स्पर्शाची आकृती पहिलीपासून हातात पडणे आणि आठवीत पडणे यांत फरक आहे. मोठेपणी दृष्टी गेलेला माणूसही शिकतो, पण त्याच्याकडे चित्रांच्या आठवणी असतात आणि तो बोटाला लागलेली रेघ त्या चित्रांत बसवू पाहतो. दोघांना एकाच पद्धतीने शिकवू नये. दृष्टी कितव्या वर्षी गेली, हा प्रश्न शाळेच्या अर्जावरच हवा.

मेंदूत आणखी एक जागा आहे. वस्तूचा आकार डोळ्याने ओळखताना ती जागी होते आणि तीच वस्तू हाताने ओळखतानाही होते. हे 2001 मध्ये डोळस माणसांतच दिसून आले. आकार ही डोळ्याची मालमत्ता नाही, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नसेल. मनातल्या मनात आकृती फिरवण्याचेही तसेच. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झ्लर यांनी दाखवले की दोन आकृत्या एकच आहेत का हे ठरवायला लागणारा वेळ, एक दुसरीपासून किती अंशांनी फिरवली आहे त्या प्रमाणात वाढतो. लोकांना वाटले, हे मनातले चित्र फिरवणे. 1976 मध्ये हाच प्रयोग स्पर्शाने, जन्मांधांसह केला गेला. त्यांचाही वेळ अंशांबरोबर वाढला. डोळस मंडळींपेक्षा थोडा जास्त लागला, पण फिरवणे झाले. फिरवले गेले ते चित्र नव्हते, आकार होता.

इथे एक जुना प्रश्न आठवतो. डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी 1688 मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना लिहून विचारले होते: जन्मांध माणसाला घन आणि गोल हाताने ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून तो कोणता कुठला ते सांगू शकेल का? लॉक यांनी तो प्रश्न 1694 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला आणि पुढे तीनशे वर्षे त्यावर वाद झाला. उत्तर मिळाले ते आपल्या दिल्लीत. मेंदूचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मजात मोतीबिंदू किंवा बुबुळाचा दोष असलेल्या मुलांवर उपचार होतात. त्यांतल्या 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांची चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेली वस्तू पुन्हा हाताने ओळखणे 98 टक्के, पाहिलेली वस्तू पाहून ओळखणे 92 टक्के. पण हाताने चाचपलेली वस्तू पाहून ओळखणे 58 टक्के, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित बरे. गंमत पुढे आहे. काही दिवसांतच, कोणी मुद्दाम शिकवले नसताना, हे तिसरे काम पुष्कळ सुधारले. हाताची भाषा आणि डोळ्याची भाषा यांच्यात उपजत भाषांतर नसते. पण सहवासाने ते लवकर जमते.

उलट दिशेने पाहिले तर आमच्या वर्गातली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. छापील पुस्तकातली आकृती घ्यायची, तिच्या रेघांना उठाव द्यायचा आणि 'स्पर्शाची आकृती तयार' म्हणायचे. पण छापील आकृती म्हणजे वस्तू नव्हे. डोळ्याला एका जागेवरून ती कशी दिसते त्याची नोंद आहे. घनाचे नेहमीचे चित्र घ्या: पुढे एक चौरस, मागे थोडा सरकवलेला दुसरा चौरस, कोपरे जोडणाऱ्या चार तिरप्या रेघा. आता बोट फिरवा. ठोकळ्यावर कुठेही दोन कडा एकमेकींना छेदत नाहीत. या चित्रात दोन ठिकाणी रेघा छेदतात. ठोकळ्याचा प्रत्येक कोपरा काटकोनाचा. चित्रात बाजूची पृष्ठे समांतरभुज झालेली, कोन 45 आणि 135 अंशांचे. ठोकळा हातात घेऊन बसलेले हुशार मूल विचारते, 'यातला ठोकळा कुठला?' आणि शेरा मिळतो, कल्पनाशक्ती कमी.

क्रम असा हवा. आधी भरीव वस्तू, आणि ती मुठीत मावणारी. घनासाठी पाच सेंटिमीटर बाजूचा लाकडी ठोकळा उत्तम. दहाच्या पुढे गेला की मुठीत येत नाही. दीडच्या खाली गेला की कडा एकाच बोटाखाली गोळा होतात. पृष्ठे मोजायला सांगितली की मुले सात-आठ सांगतात, कारण मोजलेले पृष्ठ कोणते ते कळत नाही. एका पृष्ठावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की मोजणी सुटते. किंवा दोन तळव्यांत समोरासमोरची पृष्ठे धरून तीन जोड्या मोजायच्या. मग घडण: पुठ्ठ्याचा खोका मुलानेच उलगडायचा. पाच सेंटिमीटरच्या घनाची क्रॉसच्या आकाराची घडण वीस बाय पंधरा सेंटिमीटरची होते, म्हणजे ए-फोर कागदात बसते आणि दोन्ही हातांच्या आवाक्यातही राहते. मग ठोकळ्याचे एक पृष्ठ ओल्या शाडूत दाबायचे; जो ठसा उमटतो त्याच्या कडेने दोरा ठेवायचा; आणि त्यानंतरच कागदावरची रेघ. घनाचे चित्र द्यायचेच असेल तर समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन स्वतंत्र चित्रे द्यावीत.

छेद शिकवायला स्वयंपाकघरापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. काकडी सरळ कापली की वर्तुळ, तिरपी कापली की लंबवर्तुळ. चार सेंटिमीटर जाडीची काकडी 45 अंशांत कापली तर काप साडेपाच सेंटिमीटरहून थोडा लांब भरतो. मुलांना तो मोजायला लावावा. शंकूसाठी आधी तेलाचे नरसाळे हाताळायला द्यावे, मग शाडूचा भरीव शंकू. तळाला समांतर काप घेतला की वर्तुळ, तिरपा घेतला की लंबवर्तुळ, उताराच्या बाजूला समांतर घेतला की अन्वस्त (पॅराबोला). मात्र ओल्या शाडूत सुरी घातली की कड ओढली जाते आणि आकार बिघडतो. माती थोडी आवळू द्यावी आणि ताणलेल्या दोऱ्याने कापावे.

कागदावरच्या रेघेचे सगळे गणित मिलिमीटरचे आहे. दोन समांतर रेघांत तीन मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवले तर बोटाखाली त्यांची एकच जाड रेघ होते. अक्षर रेघेला चिकटले तर ते टिंब की रेघेचा भाग, हे कळत नाही. तिथेही तीन मिलिमीटर हवेतच, सहा असतील तर उत्तम. ब्रेलचे एक अक्षर सभोवारच्या जागेसह सहा बाय दहा मिलिमीटर व्यापते, म्हणून पुस्तकातला चार सेंटिमीटरचा त्रिकोण दहा-बारा सेंटिमीटरचा केल्याशिवाय नावे बसत नाहीत. दोन रेघा छेदत असतील तर कमी महत्त्वाची रेघ छेदापाशी दोन्हीकडे थोडी तोडावी. महत्त्वाची सलग जाते आणि बोट चुकीच्या फाट्याला लागत नाही. एका आकृतीत रेघांचे तीनच प्रकार पुरे: आकृतीची ठळक, रचनेची बारीक, आणि तुटक. पाच-सहा प्रकार घालून 'सुबक' केलेली आकृती फक्त पाहुण्यांना दाखवायला छान असते.

शिंप्याचे दातेरी चाक सगळीकडे मिळते आणि कामही चांगले करते, पण ते कागदाच्या मागच्या बाजूला उठाव देते. म्हणजे आकृती उलटते: डावीकडचा काटकोन उजवीकडे जातो, घड्याळाच्या दिशेने वाचायचा 'कखग' उलट फिरतो. आकृती आधी खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूने गिरवून घ्यावी आणि मग त्या बाजूने चाक चालवावे. कागद ब्रेलचाच घ्यावा, 140 जीएसएमच्या आसपासचा. झेरॉक्सचा पातळ कागद एक तर फाटतो, नाही तर दहा बोटे फिरली की सपाट होतो. नुसत्या फेव्हिकॉलने काढलेली रेघ ओली असताना छान उंच असते आणि वाळताना बसते, कारण त्यातले पाणी उडून जाते. तिच्यात सुती दोरा बसवावा. मुलाने स्वतः काढायचे असेल तर रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने काढणे उत्तम. रेघ त्याच बाजूला उठते आणि काढता काढता वाचता येते. चूक पुसता येत नाही, हा त्यातला दोष. खिळ्यांच्या फळीवर रबरबँड ताणून त्रिकोण-चौकोन करता येतात, क्षेत्रफळाला ती झकास. पण हात जोरात पडला की बाजू सरकते आणि गोलाई तिच्यावर येतच नाही. अष्टकोनी भोकांची टेलर पाटी अंकगणिताची आहे, तिच्याकडून भूमितीची अपेक्षा करू नये.

स्पर्शिका हा प्रकार उठावाच्या आकृतीत हमखास फसतो. वर्तुळ आणि स्पर्शिका जिथे भेटतात तिथे दोन्ही रेघा बऱ्याच अंतरापर्यंत इतक्या जवळ असतात, की जवळजवळ सेंटिमीटरभर रुंदीच्या बोटाला स्पर्शबिंदू न लागता एक जाड पट्टा लागतो. 'एकाच बिंदूत स्पर्श करते' हे वाक्य मुलाला खोटे वाटते आणि त्याच्या बोटापुरते ते खोटेच असते. बांगडी टेबलावर ठेवा आणि पट्टी तिच्याकडे हळूहळू सरकवा. टेकल्याचे हाताला कळते. आता टेकल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पोस्टकार्डाची कड फटीत घाला. फट बाहेरच्या बाजूला वाढत जाते, आत अरुंद होते आणि एका जागी कार्ड शिरत नाही. ती जागा म्हणजे स्पर्शबिंदू.

अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय तर हातानेच जास्त चांगले कळते. बारा सेंटिमीटर व्यासाची जुनी सीडी घ्या. चौदा बाय नऊ सेंटिमीटरच्या पोस्टकार्डाचा एक कोपरा सीडीच्या कडेवर टेकवा, कार्ड सीडीवर आडवे ठेवा. कार्डाच्या दोन बाजू सीडीच्या कडेला जिथे ओलांडतात तिथे कपड्यांचे चिमटे लावा. कार्ड काढा आणि दोन चिमट्यांत दोरा ताणा. दोरा मधल्या भोकाच्या बरोबर मध्यावरून जातो. कोपरा दुसरीकडे टेकवून पुन्हा करा, पुन्हा तेच. कार्ड फार तिरपे न करता दोन्ही बाजूंना सारखे पडेल असे ठेवावे, नाहीतर एक बाजू सीडीची कड गाठण्याआधीच संपते.

दूरचे लहान का दिसते, हे जन्मांधाला कधीच समजणार नाही, असे छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी कित्येक वर्षे दृष्टिहीनांकडून चित्रे काढून घेतली आणि हे खोटे ठरवले. तुर्कस्तानचे जन्मांध चित्रकार एश्रेफ आर्मागान तर यथादर्शन चित्रेच काढतात. वर्गात ते दाखवायला दोन मीटर रुंदीचा व्हरांडा पुरतो. मूल मधोमध उभे करा. एक मीटर पुढे, दोन्ही भिंतींकडे, खांद्याच्या उंचीवर दोन हात रोखायला सांगा: हातांतला कोन सुमारे 90 अंश. आता त्याच उंचीवर दहा मीटर पुढे रोखायला सांगा: कोन 11 अंशांवर येतो. व्हरांडा अरुंद झालेला नाही, हात जवळ आले. रेल्वेचे रूळ लांबवर मिळाल्यासारखे का काढतात, हे त्याला तिथेच कळते. 'दिसणे' म्हणजे अंतराबरोबर बदलणारी दिशा, एवढे त्याला पुरते.

ज्यांना हे सारे खेळातले वाटेल त्यांनी तीन माणसे आठवावीत. निकोलस सॉन्डरसन, वयाच्या पहिल्याच वर्षी देवीने डोळे गेलेले, 1711 मध्ये केंब्रिजला गणिताचे प्राध्यापक झाले; न्यूटन यांनी भूषवलेले ते आसन. बर्नार मोरँ, लहानपणी दृष्टी गेलेले फ्रेंच गणिती, पृष्ठ न फाडता गोल आतून बाहेर कसा उलटवता येईल याच्या पायऱ्या मातीच्या प्रतिकृती करून समजावत. आणि तिसऱ्या वर्षापासून दृष्टिहीन असलेले खीरात फरमाय, शंखशिंपल्यांचे जगन्मान्य अभ्यासक. शिंपल्यावरची बारीक कंगोऱ्यांची नोंद ते नखाने घेतात. तिघांनाही लागला तो सराव आणि हातात पडलेली योग्य वस्तू.

म्हणून मागण्या दोनच आहेत. नकाशा किंवा आकृतीच्या जागी दुसरा, शब्दांचा प्रश्न देऊन प्रश्नपत्रिका 'सुलभ' करण्याची सवय आता सुटावी. ज्याला आकृती हवी त्याला आकृती द्यावी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात, त्यांत एक-दोन आकृत्या निवांत वाचून होतात. आणि ब्रेल पुस्तकात 'सोबतची आकृती पाहा' असे छापून आकृतीच गाळणे बंद व्हावे.

आकृती तयार झाली की ती तपासायची कशी, तेही सांगून ठेवतो. शिक्षकाने डोळे मिटून हात फिरवणे ही तपासणी नव्हे, कारण काय काढले आहे ते त्याला ठाऊक असते. ज्याने हा धडा ऐकलेला नाही अशा ब्रेल वाचणाऱ्या मुलापुढे ती ठेवावी. 'त्रिकोण कळला का?' असे विचारू नये, 'काय लागतेय?' एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. दोन-तीन मिनिटांत उत्तर आले नाही, तर त्याचे बोट कुठे अडखळते ते पाहावे आणि तेवढी जागा नव्याने काढावी. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे रेघेला चिकटलेले एखादे अक्षर असते.

आपले,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे दोन गणित-शिक्षक,
पुणे